कानस हातात घ्या : चेनसॉच्या साखळीची घरच्या घरी निगा

चेनसॉची साखळी बोथट झाली की ते सर्वांत आधी भुशावरून कळतं. धार शाबूत असलेली साखळी लाकडाचे जाडसर, चौकोनी तुकडे बाहेर फेकते. मूठभर उचलले तर एकेक तुकडा वेगळा दिसतो. बोथट साखळी पिठासारखी पूड उडवते. पूड दिसायला लागली की पुढचं सगळं ओळीनं येतं. मशीन आपल्या वजनानं लाकडात उतरेनासं होतं, चालवणारा त्याच्यावर अंगाचा भार टाकतो, साखळी ज्यावर फिरते तो बार तापतो, तेल भरलेलं असूनही धूर निघतो, काप एका बाजूला वळत जातो. संध्याकाळपर्यंत पेट्रोल जास्त जळालेलं असतं, काम कमी झालेलं असतं आणि दोन्ही हात बधिर असतात. अशा वेळी बहुतेक जण साखळी खराब निघाली म्हणतात आणि नवी आणतात. खरं तर जुन्या साखळीला हवी असते एक गोल कानस आणि पंधरा-वीस मिनिटांची मेहनत.

हे लिहिताना माझ्यासमोर बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या चांदनीचा परिसर आहे. खंडवा-भुसावळ रेल्वेमार्गावर, नेपानगरला लागून असलेला हा पट्टा लाकडाशी जुनं नातं सांगतो. इथल्या सलई आणि बांबूच्या भरवशावर नेपानगरचा कारखाना उभा राहिला आणि १९५५ साली तिथं वर्तमानपत्राचा कागद निघू लागला. त्या काळी जंगलातलं लाकूड कुऱ्हाडीनं आणि दोघांनी ओढायच्या करवतीनं पडायचं, आणि ज्याचं हत्यार त्यानंच ते पाजवायचं हा रिवाज होता. आता वाडी-वस्तीवर चेनसॉ पोहोचली आहे, कुणी विकत घेतली आहे, कुणी भाड्यानं आणतो. पाजवायची सवय मात्र तिच्याबरोबर आलेली नाही. साखळी बोथट झाली की ती पिशवीत घालून बुऱ्हाणपूरला न्यायची, आणि जाणं होईपर्यंत तशीच चालवायची, असं चालतं. माझं सांगणं एवढंच आहे, की धार लावणं हे दुकानाचं काम नाही, मशीन चालवणाऱ्याचंच काम आहे. ते पेट्रोल भरण्याइतकं नेहमीचं झालं पाहिजे. प्रत्येक टाकी संपली की मशीन थंड होऊ द्यायचं आणि दर दात्याला दोन-तीन हात कानस. एवढं केलं तर साखळी खऱ्या अर्थानं बोथट होतच नाही.

दाता कसा कापतो हे एकदा नीट समजलं की बाकी सगळं सोपं होतं, म्हणून तिथं थोडं थांबू.

पूर्वीच्या साखळ्यांचे दात करवतीसारखे टोकदार असत आणि ते लाकूड ओरबाडत. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्यानं वाळलेल्या खोडात शिरलेली भुंगेऱ्याची अळी निरखून पाहिली. ती आपल्या जबड्यानं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी लाकूड कातरत आत जात होती. त्यावरून त्यानं डावे-उजवे दाते एकाआड एक बसवलेली साखळी तयार केली आणि पुढच्याच वर्षी ती विकायला काढली. आपल्या मशीनवरची साखळी आजही त्याच घडणीची आहे. प्रत्येक दाता रंध्याच्या पात्यासारखा असतो. त्याची वरची धार लाकडाचा थर उचलते, बाजूची धार त्या थराची कड कापते. दात्याच्या पुढं एक बुटका खुंट असतो. मेकॅनिक त्याला रेकर किंवा डेप्थ गेज म्हणतात. तो लाकडावर घसरत जातो आणि दाता किती खोल शिरायचा ते ठरवतो. दात्याची वरची धार आणि खुंटाचा माथा यांत बहुतेक साखळ्यांवर सुमारे ०.६५ मिलिमीटर फरक ठेवलेला असतो. इतकाच. साखळीचं सगळं कसब या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरमध्ये आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दात्याचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. म्हणून कानसीनं तो जसजसा मागं सरकतो तसतसा बुटकाही होत जातो. खुंट मात्र होता तेवढाच राहतो. खुंट न घासता नुसती धार लावत राहिलं की दाता आणि खुंट हळूहळू जवळजवळ एका पातळीत येतात, आणि मग दाता वस्तऱ्यासारखा असला तरी साखळी लाकडावरून नुसती घसरते. "धार तर लावली, तरी कापत नाही" अशी तक्रार येते ती बहुधा इथून. त्यावर इलाज पुढं सांगतो.

कानस विकत घ्यायची तर आधी साखळीचं माप कळायला हवं. लागोपाठच्या तीन रिवेटांमधलं अंतर मोजा आणि त्याचं अर्धं करा, की पिच मिळतो. तो बारवर किंवा दात्याच्या अंगावरही कोरलेला असतो. आपल्याकडे ५८ सीसीची जी मशीनं सर्रास विकली जातात त्यांवर बहुधा ०.३२५ इंच पिचची साखळी असते आणि तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. लहान मशीनवरच्या ३/८ इंच लो प्रोफाइल साखळीला ४ मिलिमीटरची कानस चालते. मोठ्या मशीनवरच्या पूर्ण ३/८ इंची साखळीला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची लागते. दुकानात "चेनसॉची कानस द्या" एवढंच म्हणू नका, माप सांगा. जाड कानस दात्याची धार बोजड करते, बारीक कानस दात्याच्या पोटात खड्डा पाडते. साधी निमुळती गोल कानसही नको, चेनसॉची कानस या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची असते. सोबत एक चपटी कानस, खुंटाची उंची मोजायची पत्र्याची पट्टी, तारेचा ब्रश आणि चामड्याचे हातमोजे घ्या. पहिल्यांदाच शिकत असाल तर कोनाच्या रेषा असलेली कानसीची चौकटही घ्या. हात बसल्यावर तिची गरज उरत नाही.

आता प्रत्यक्ष काम. मशीन बंद, थंड, आणि स्पार्क प्लगची टोपी काढलेली. हातमोजे घालायचेच, कारण साखळी उभी असली तरी हात कापते. बार वाइसमध्ये पकडा. वाइस नसेल तर कमरेइतक्या उंचीच्या ओंडक्याला मशीननंच एक उभी खाच पाडून ठेवा आणि त्या खाचेत बार बसवा. शेतात तर हेच बरं पडतं. साखळी रॉकेल आणि ब्रशनं आधी स्वच्छ करा. डिंक आणि भुसा चिकटलेल्या दात्यावर कानस चालवली तर कानसच भरून जाते. रॉकेल वापरताना आसपास बिडी नको. चेन ब्रेक लावला की साखळी जागची हलत नाही. पुढचा दाता समोर आणायचा तेव्हा ब्रेक सोडून साखळी हातानं ओढायची.

सगळ्या दात्यांवरून एक नजर फिरवा आणि सर्वांत जास्त झिजलेला, आखूड दाता शोधा. सुरुवात त्याच्यापासून करायची, कारण शेवटी बाकीचे सगळे दाते त्याच्या लांबीला आणायचे आहेत. मार्करनं त्यावर खूण करा म्हणजे फेरा पूर्ण झाल्याचं कळतं.

बहुतेक दात्यांच्या माथ्यावर मागच्या बाजूला एक तिरकी रेघ कोरलेली असते. ती धारेचा कोन दाखवते, साधारण ३० अंश. कानस त्या रेघेला समांतर धरायची आणि आडवी, जमिनीशी सपाट ठेवायची. काही साखळ्यांना कानस थोडी खाली झुकवावी लागते. तसं असेल तर पाकिटावर लिहिलेलं असतं. उंचीचा नियम असा, की कानसीच्या जाडीचा सुमारे पाचवा हिस्सा दात्याच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे. ४.८ च्या कानसीला तो जेमतेम १ मिलिमीटर होतो. कानस यापेक्षा खाली गेली तर दात्याला चोचीसारखं टोक येतं. ते पहिल्या कापाला झकास चालतं, लाकूड झटके देत ओढतं आणि लगेच मोडतं. कानस वर राहिली तर धार मागं कललेली होते आणि कितीही दाबलं तरी चावत नाही.

कानस दात्याच्या आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे ढकलायची. फक्त पुढं जाताना दाब द्यायचा, परत आणताना उचलून आणायची. मागं घासत आणली तर कानसीचेच दात मरतात. दाब थोडा मागच्या दिशेला, दात्याच्या पात्याकडे असू द्या. दोन-तीन हात सारख्या जोराचे, सारख्या लांबीचे. दात्यावर नुसती घाई करून वीस वेळा घासण्यात अर्थ नाही. अधूनमधून कानस बोटांत थोडी फिरवा म्हणजे ती सगळीकडून सारखी झिजते. कानसीला तेल लावू नका.

एका बाजूचे सगळे दाते आधी उरका. मग उठून दुसऱ्या बाजूला जा आणि उरलेले करा. इथं बहुतेकांची गफलत होते. उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूला जोर चांगला लागतो, दुसऱ्या बाजूला हात अवघडतो. परिणामी एका बाजूचे दाते आखूड होत जातात. असं झालं की काप ज्या बाजूचे दाते लांब आणि तेज असतात तिकडे वळतो, आणि ओंडक्याचा काप ताटाच्या आकाराचा येतो. त्यावर उपाय म्हणजे हात मोजायचे, आणि शेवटी दोन्ही बाजूंचे दोन-चार दाते व्हर्नियरनं मोजून पाहायचे. अवघड बाजूला एक-दोन हात जास्त द्यावे लागतात, त्यात काही चूक नाही.

धार लागली की नाही हे बोटानं तपासू नका. दाता उन्हाकडे धरा. धारेच्या कडेवर पांढरी बारीक रेघ चमकली तर ती जागा अजून बोथट आहे. तेज धारेवर उजेड थांबत नाही. दात्याच्या माथ्यावर आणि बाहेरच्या अंगावर क्रोमचा पातळ, फार कठीण मुलामा असतो आणि धार टिकते ती त्याच्यामुळे. दगडावर आपटून तो मुलामा कडेला उडाला असेल तर शाबूत क्रोम लागेपर्यंत दाता मागं घ्यावाच लागतो. तिथं दोन-तीन हातांनी भागत नाही. दहा-बारा लागले तरी पूर्ण करा. अर्धवट सोडलेला दाता अर्ध्या तासात पुन्हा जातो.

अँगल ग्राइंडर किंवा साध्या ग्राइंडरच्या चाकावर साखळी धरून धार लावून देणारे असतात. काम दोन मिनिटांत होतं, पण माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. चाकाखाली दाता तापतो, निळा पडतो, आणि निळा पडला म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. ती धार टिकत नाही आणि पुढं कानसही तिथं नीट लागत नाही. शिवाय चाक एका दणक्यात एवढं पोलाद खातं की कानसीनं वर्षभर चालली असती ती साखळी चार-पाच फेऱ्यांत संपते. साखळीसाठीच बनवलेलं, कोन आणि खोली बांधून देणारं ग्राइंडिंग यंत्र वेगळं. जाणत्या हातात ते चांगलं काम करतं. तरी रोजच्या धारेला कानसच बरी.

आता त्या खुंटाकडे वळू. चार-पाच वेळा धार लावून झाली की पत्र्याची मापपट्टी साखळीवर ठेवा. खुंट पट्टीच्या खाचेतून जेवढा वर डोकावेल तेवढाच चपट्या कानसीनं घासा. मग त्याचा पुढचा कोपरा आधीसारखा गोल करा, नाहीतर तो लाकडात अडकतो. मापपट्टीशिवाय, अंदाजानं खुंट घासायचा मोह आवरा. खुंट जास्त खाली गेले की प्रत्येक दाता अधाशासारखा लाकूड उचलतो, मशीन थडथडतं, आणि बारचं टोक लाकडाला लागलं तर मशीन मागं उसळून थेट चेहऱ्याकडे येतं. चेनसॉचे सर्वांत भयंकर अपघात या मागं उसळण्यातून होतात. "खुंट थोडा जास्त घास, मशीन पळेल" असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. कितीही अनुभवी माणसानं दिला तरी ऐकू नका. काही पट्ट्यांवर कठीण लाकडासाठी आणि मऊ लाकडासाठी अशा दोन वेगळ्या खाचा असतात. आपल्या भागात कठीण लाकडाची खाच वापरावी.

त्याचं कारण आपली झाडं. चांदनी-नेपानगरकडचं जंगल म्हणजे साग, सलई, अंजन, धावडा. यातला अंजन साखळीची खरी परीक्षा घेतो. त्याचं गाभ्याचं लाकूड पाण्यात बुडेल इतकं जड असतं, आणि वाळलेल्या अंजनावर ताजी धारसुद्धा भराभर उतरते. असं लाकूड ओलं असतानाच कापलेलं बरं. वाळलेलंच कापायचं असेल तर टाकी संपायची वाट न पाहता मध्येच कानस काढा. साग हाताला मऊ वाटतो, पण त्यात वाळूचा जो अंश असतो, सिलिका, तो धार खातो. बांबूत तो आणखी जास्त, आणि बांबू फाटतोही विचित्र. बांबूला हातकरवत किंवा कोयता वापरा. सलई मऊ असली तरी तिचा डिंक साखळीच्या सांध्यांत बसतो आणि वाळला की साखळी ताठ होते. सलई कापल्या दिवशीच रॉकेलनं साखळी धुतली पाहिजे. बांधावरची बाभूळ कठीण तर आहेच, वर तिच्या खोडात जुन्या कुंपणाची काटेरी तार किंवा खिळा गिळलेला असतो. सालीवर आडवा फुगवटा किंवा काळा डाग दिसला तर तिथून वीतभर बाजूला कापा. अशा कामांना फुल चिझेल, म्हणजे चौकोनी कोपऱ्याच्या दात्यांची साखळी घेऊ नका. गोलसर कोपऱ्याची सेमी चिझेल थोडी सावकाश कापते, पण धूळ आणि कठीण लाकूड जास्त सोसते.

केळीवाल्यांना एक विनंती. केळीचं खोड चेनसॉनं कापू नका. खोडाचा ओला धागा साखळीबरोबर आत जातो, साखळी फिरवणाऱ्या स्प्रॉकेटला गुंडाळतो आणि तेल येण्याचं भोक बुजवतो. कोयत्यानं होणाऱ्या कामाला कोयताच न्या.

साखळीचा खरा शत्रू मात्र लाकूड नाही, माती आहे. जोरात फिरणाऱ्या साखळीचा वेग सेकंदाला २० मीटरच्या घरात असतो. ७२ कड्यांची ०.३२५ पिचची साखळी सुमारे १.२ मीटर भरते. म्हणजे बारचं टोक एक सेकंद जमिनीला टेकलं तर प्रत्येक दाता सोळा-सतरा वेळा मातीतून गेला. तासभर जपलेली धार त्या एका सेकंदात जाते. म्हणून ओंडका जमिनीवर आडवा असेल तर खाली दोन लाकडं सरकवून तो उचला. ते जमत नसेल तर वरून पाऊण जाडीपर्यंत कापा, ओंडका फिरवा आणि उरलेलं पुन्हा वरून कापा. तापीच्या पुरात वाहून आलेल्या किंवा पावसात पडलेल्या झाडाच्या सालीत काळ्या मातीचे थर असतात. कापायच्या जागेवरची साल आधी कुऱ्हाडीनं तासून घ्या. पाच मिनिटं लागतात.

धारेइतकाच ताण महत्त्वाचा. बारचे दोन नट ढिले करा, बारचं टोक हातानं वर उचलून धरा, आणि साखळी बारच्या खालच्या कडेला जेमतेम टेकेपर्यंत ताणाचा स्क्रू फिरवा. टोक वर धरलेलं असतानाच नट आवळा. मग हातमोजा घातलेल्या हातानं साखळी ओढून पाहा. ती सहज फिरली पाहिजे आणि खालून लोंबता कामा नये. हे साखळी थंड असताना करायचं. काम करताना साखळी तापून लांबते, आणि मे महिन्यातल्या उन्हात तर लवकर लांबते. तेव्हा गरम साखळी आवळावी लागलीच, तर काम संपल्याबरोबर ती पुन्हा ढिली करा. तशीच ठेवली तर रात्री थंड होऊन ती आकसते आणि बारला, क्रँकच्या बेअरिंगला ओढते. नवी साखळी पहिल्या अर्ध्या तासात भरभर लांबते. तिचा ताण पुन्हा पुन्हा पाहा. नवी साखळी बसवण्याआधी रात्रभर तेलात बुडवून ठेवली तर रिवेटांच्या सांध्यांत तेल मुरतं.

तेलाबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. ट्रॅक्टरचं किंवा मोटरसायकलचं जळकं तेल चेनच्या टाकीत ओतायची पद्धत फार पसरली आहे. फुकट मिळतं म्हणून. त्या तेलात इंजिनातली धातूची पूड असते, ती तेलाचा पंप आणि बार दोन्ही झिजवते. त्याहून वाईट म्हणजे चेनसॉ तेल साठवत नाही, उडवते. ते तेल बारीक तुषारांनी चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर, हातांवर, फुप्फुसांत आणि आपल्याच शेताच्या मातीत जातं. वापरलेल्या इंजिन तेलात कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात. चार पैसे वाचवण्यासाठी मशीन चालवणाऱ्या पोराच्या अंगावर ते उडवू नये. चेन ऑइल चिकट असतं, साखळी जोरात फिरली तरी बारला धरून राहतं. ते मिळालंच नाही तर तात्पुरतं नवं, स्वच्छ इंजिन ऑइल घाला. पेट्रोलची टाकी भरताना दर वेळी तेलाचीही भरा. तेल पोचतंय का हे पाहायला मशीन सुरू करून बारचं टोक एखाद्या पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरा आणि गती वाढवा. पुठ्ठ्यावर तेलाच्या थेंबांची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बारच्या मुळाशी असलेलं तेलाचं भोक तारेनं मोकळं करा.

बारकडे कुणी बघत नाही. धार लावायच्या वेळी तो काढा, खाचेतला भुसा पातळ पत्र्यानं ओढून काढा, आणि परत बसवताना उलटा बसवा. खालची कड जास्त झिजते, उलटापालट केली तर दोन्ही सारख्या झिजतात. कडेला बाहेर आलेली धारदार कोर चपट्या कानसीनं काढून टाका. साखळी बसवलेली असताना बारच्या बाजूनं दात्याच्या अंगाला एक पट्टी टेकवून पाहा. पट्टी आणि बार यांत फट राहिली तर बार ठीक आहे. साखळी कलून फट नाहीशी होत असेल तर खाच रुंद झाली आहे. मग धार कितीही सारखी लावा, काप वाकडाच येणार. दोन साखळ्या आलटून पालटून वापरा. स्प्रॉकेटही साखळीबरोबर झिजतो. दोन साखळ्या संपल्या की तो तपासा. त्यावर अर्धा मिलिमीटर खोल चरे पडले असतील तर बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवली तर ती लवकर खराब होते.

इथं एक गोष्ट मशीनबाहेरची, पण सांगायलाच हवी. २०२२-२३ मध्ये नेपानगर भागात अतिक्रमणासाठी जंगलाचे पट्टेच्या पट्टे तोडले गेले. ज्या जंगलानं या भागाला कागद, डिंक, लाकूड आणि पाणी दिलं त्याची ती दशा पाहवत नाही. धार लावायची कला मी इथं सांगतो आहे ती बांधावरच्या बाभळीसाठी, वादळात आडव्या झालेल्या आंब्यासाठी, वाळलेल्या फांद्यांसाठी. आपल्या शेतातला साग असला तरी त्याच्या तोडीला आणि वाहतुकीला परवानगी लागते. वनविभागाच्या रेंज ऑफिसात आधी विचारा आणि कागद हातात घेऊनच मशीन सुरू करा.

हंगामाचं गणितही या भागाचं वेगळं आहे. मे-जूनमधल्या वावटळींत केळीच्या बागा लोळतात, तशीच बांधावरची झाडं रस्त्यावर पडतात. त्या सकाळी ट्रॅक्टर अडकलेला असतो, सगळे घाईत असतात, आणि मागच्या उन्हाळ्यापासून कोपऱ्यात पडलेलं मशीन गंजक्या साखळीसकट बाहेर काढलं जातं. त्यासाठी एप्रिलच्या अखेरीस एक दुपार द्या. साखळी काढून रॉकेलमध्ये धुवा, कोरडी करा, सांधे एकेक करून बोटांनी हलवून पाहा. एखादा ताठ राहिला किंवा कडीला तडा दिसला तर ती साखळी वापरायची नाही. तुटलेली साखळी गोळीसारखी सुटते. धार लावा, खुंट मापा, आणि साखळी तेलानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यानंतर मशीन बरेच दिवस लागणार नसेल तर पेट्रोलची टाकीही रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही साचून राहत नाही.

साखळी कधी टाकून द्यायची तेही दात्यावरच लिहिलेलं असतं. माथ्यावरच्या त्या तिरक्या रेघेपर्यंत दाता मागं आला, म्हणजे साधारण ४ मिलिमीटर उरला, की तिची कानस बंद करा. त्यापुढं दाता मोडून उडू शकतो. जुनी साखळी दोन-तीन तुकड्यांत तोडून भंगारात द्या, म्हणजे ती स्वस्तात घेऊन पुन्हा कुणाच्या मशीनवर चढवली जाणार नाही.